'रॉकेट' एंजिनाची प्रतिकृति

मोठी वस्तु आधीं आणि तिचें खेळणें मागाहून, असा जगाचा सामान्य क्रम आहे. खरा घोडा पाहिल्यावर कोणी तरी लांकडी घोडा करतो. आगगाडीच्या एंजिनाच्या बाबतींत मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. प्रथम टेबलावर मावतील असे नमुने झाले, आणि त्यांच्यामागून, पुष्कळ वर्षांनीं, रुळांवरून धांवणारें एंजिन आलें. गेलीं अडीच वर्षें मी 'रॉकेट' या प्राचीन एंजिनाची, एका फुटास एक इंच या प्रमाणांत, प्रतिकृति करीत आहें. तिच्या निमित्तानें या इतिहासाचें जें वाचन झालें, आणि हातांत कानस व हातोडी असतांना त्यांतील जें कांहीं उमजलें, तें आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

आरंभ ग्लासगो विद्यापीठापासून करतों. तेथें जॉन अँडरसन नांवाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. वर्गांत दाखविण्यासाठीं न्यूकॉमेनच्या वाफेच्या पंपाचा एक छोटा नमुना त्यांच्यापाशीं होता. नळकांड्याचा व्यास २ इंच, दट्ट्याची चाल ६ इंच. हा नमुना नीट चालेना, म्हणून १७६३ च्या सुमारास तो विद्यापीठाचा यंत्रकारागीर जेम्स वॅट याच्या हातीं दुरुस्तीसाठीं आला. दुरुस्ती झाली, तरी चार-दोन फेऱ्या झाल्या कीं वाफ संपे आणि यंत्र थांबे. वॅट विचारांत पडला. त्या पंपांत दर फेरीस नळकांडें एकदां तापावयाचें आणि एकदां पाण्यानें गार करावयाचें, अशी रचना होती. बरीचशी वाफ नळकांडें पुनः तापविण्यांतच खर्ची पडे. मोठ्या पंपांतहि हा दोष होताच; पण लहान नळकांड्यांत पोकळीच्या मानानें धातूचा पृष्ठभाग फार, त्यामुळें तेथें तो झांकून राहीना. खाणीवाल्यांनीं जें दुखणें पन्नास वर्षें अंगावर काढलें, तें त्या दोन इंची नळकांड्यानें चव्हाट्यावर आणलें. वाफ निराळ्या भांड्यांत नेऊन थंड करण्याची जी युक्ति वॅटला १७६५ सालीं सुचली, तिचें मूळ या दुरुस्तींत आहे. पदार्थविज्ञानाचे नमुने कपाटांत कुलूपबंद ठेवणाऱ्या आमच्या शाळांनीं ही हकीकत कपाटाच्या दारावर लिहून ठेवावी, असें मला नोकरींत असतांना नेहमीं वाटे.

याच वॅटच्या पेढीचा कॉर्नवॉल प्रांतांतील प्रतिनिधि विल्यम मर्डॉक. रेडरूथ गांवीं राहून खाणींवरील पंपांची देखभाल तो करी. त्यानें १७८४ च्या सुमारास तीन चाकांची, स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी एक चिमुकली वाफेची गाडी बनविली. घरांतल्या खोलींत तिनें शेगडीचा फावडा आणि चिमटा पाठीवर घेऊन फेऱ्या मारल्या, असें सांगतात. एकदां रात्रीं मर्डॉकनें ती बाहेरच्या वाटेवर सोडली, तेव्हां समोरून येणाऱ्या पाद्रीबोवांना साक्षात् सैतानच फुत्कारत येत आहे असें वाटलें, ही आख्यायिकाहि प्रसिद्ध आहे. तिच्या खरेखोटेपणाविषयीं मी आग्रह धरणार नाहीं. नमुना मात्र खरा असून तो बर्मिंगहॅमच्या संग्रहांत आजहि आहे. वॅटला आणि त्याचा भागीदार बोल्टन याला हा उद्योग रुचला नाहीं. पेटंट घेण्यासाठीं लंडनला निघालेल्या मर्डॉकला बोल्टननें वाटेंतूनच परत फिरविलें. हुशार नोकर हातचा जाईल ही भीति, आणि जोरकस दाबाच्या वाफेविषयीं वॅटला असलेली धास्ती, अशीं दोन्ही कारणें त्यामागें असावीं.

ती धास्ती ज्याला नव्हती तो रिचर्ड ट्रेव्हिथिक. तोहि कॉर्नवॉलचाच. त्यानेंहि प्रथम घरांत नमुने चालविले आणि मग मोठीं यंत्रें केलीं. २१ फेब्रुवारी १८०४ रोजीं वेल्समधील पेनिडॅरेनच्या लोखंडाच्या कारखान्यापासून त्याच्या एंजिनानें १० टन लोखंड आणि ७० माणसें साडेनऊ मैलांहून अधिक अंतर ओढून नेलीं. मात्र त्या वेळचे बिडाचे ठिसूळ रूळ एंजिनाच्या वजनाखालीं फुटूं लागले. ट्रेव्हिथिकची कथा मोठी चटका लावणारी आहे. ती सांगावयास स्वतंत्र भाषण लागेल. पुढील पंचवीस वर्षें कोळशाच्या खाणींभोंवतीं एंजिनें वावरत राहिलीं. अवजड, मंद, धूर ओकणारीं. शहरांतल्या माणसाला त्यांची ओळख नव्हती.

आतां १८२९ साल. लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांमधील लोखंडी सडक पुरी होत आली होती. परंतु तिच्यावर गाड्या कशानें ओढावयाच्या हें ठरलें नव्हतें, ही गोष्ट आज विलक्षण वाटते. जेम्स वॉकर आणि जॉन रॅस्ट्रिक या दोघां तज्ज्ञांनीं कंपनीला सल्ला दिला कीं, सडकेच्या कडेला जागोजाग स्थिर यंत्रें बसवावीं आणि दोरखंडांनीं गाड्या एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर खेंचाव्या. सडकेचे प्रमुख एंजिनिअर जॉर्ज स्टीफन्सन यांचा चालत्या एंजिनावर भरंवसा. चालकांचें मन दोलायमान. तेव्हां त्यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लावून रेनहिल गांवाजवळच्या सपाट रस्त्यावर एंजिनांची उघड परीक्षा जाहीर केली. एंजिनाचें वजन ६ टनांहून अधिक असूं नये. त्यानें आपल्या वजनाच्या तिप्पट भार ताशीं १० मैलांच्या वेगानें ओढावा. वाफेचा दाब दर चौरस इंचास ५० रत्तलांहून जास्त नसावा. धुराड्याची उंची जमिनीपासून १५ फुटांवर जाऊं नये. किंमत ५५० पौंडांच्या आंत असावी. आणि एंजिनानें आपला धूर आपणच जाळावा, अशा अटी होत्या. या परीक्षेंत सगळींच एंजिनें नापास झालीं असतीं तर दोरखंडवाल्यांचा पक्ष प्रबळ झाला असता. स्टीफन्सन पितापुत्रांच्या दृष्टीनें ५०० पौंड ही त्यांतली लहान बाब होती.

या परीक्षेसाठीं मुलगा रॉबर्ट यानें न्यूकॅसल येथील आपल्या कारखान्यांत जें एंजिन बांधलें, तें 'रॉकेट'. बॉयलरची लांबी ६ फूट आणि व्यास ३ फूट ४ इंच. पुढचीं मोठीं चाकें ४ फूट साडेआठ इंचांचीं, मागचीं अडीच फुटांचीं. नळकांड्यांचा व्यास ८ इंच. वजन ४ टन ५ हंड्रेडवेट. एका फुटास एक इंच हें प्रमाण धरलें कीं बॉयलर ६ इंच लांब होतो, मोठें चाक पावणेपांच इंचांच्या आंतबाहेर येतें, आणि धुराडें सुमारें वीतभर अधिक अर्धी वीत उंच होतें. गणिताच्या मास्तराला या प्रमाणांत आणखी एक गंमत दिसते. लांबी बारापट कमी झाली कीं क्षेत्रफळ १४४ पट आणि घनफळ १,७२८ पट कमी होतें. म्हणजे मूळ एंजिनांतला प्रत्येक चौरस फूट प्रतिकृतींत एक चौरस इंच होतो, आणि प्रत्येक घनफूट एक घन इंच. मूळचें वजन ९,५२० रत्तल. त्याला १,७२८ नीं भागलें कीं साडेपांच रत्तल येतें. मूळच्याच धातूंनीं, मूळच्याच जाडीच्या प्रमाणांत केलेलें माझें 'रॉकेट' एवढें भरलें पाहिजे.

पण कोणतें 'रॉकेट'? कामाला लागल्यावर पहिला प्रश्न हाच उभा राहतो, आणि तो सुटेपर्यंत एक खिळाहि ठोकतां येत नाहीं. मूळ एंजिन नष्ट झालेलें नाहीं. १८३६ सालीं तें कंबरलँड प्रांतांतील एका खाणीच्या सडकेसाठीं ३०० पौंडांस विकलें गेलें, तेथें थोडेंबहुत राबलें, मग अडगळींत पडलें, आणि १८६२ सालीं लंडनच्या पेटंट खात्याच्या संग्रहालयांत दाखल झालें. तें आजहि ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहांत आहे. त्याचीं छायाचित्रें पुष्कळ मिळतात. कोणी म्हणेल, मग अडचण कसली? छायाचित्र पाहावें आणि माप घ्यावें. अडचण अशी कीं, तें काळें, अनेक भाग गळून गेलेलें, बसक्या नळकांड्यांचें यंत्र म्हणजे रेनहिलला जिंकलेलें 'रॉकेट' नव्हे. रेनहिलचें 'रॉकेट' पिवळें होतें, धुराडें पांढरें. नळकांडीं मागच्या बाजूस उंच बसविलेलीं आणि सुमारें ३८ अंशांनीं तिरपीं. धूर गोळा होण्याची पेटी पुढें नव्हतीच, नळ्यांतला धूर सरळ धुराड्याच्या रुंद बुडांत शिरे. पुढल्या थोड्या वर्षांतच नळकांडीं खालीं आणून सुमारें ८ अंशांवर बसविलीं, पुढें धूरपेटी जोडली, इतरहि फेरफार झाले. थोडक्यांत, संग्रहालयांत आहे तो म्हातारपणचा देह. आणि मला चेहरा करावयाचा होता तो ऑक्टोबर १८२९ चा.

तो चेहरा जुळवावयास साधनें तीन. एक, परीक्षक रॅस्ट्रिक यांची टिपणवही. दोरखंडांची शिफारस करणारे तेच रॅस्ट्रिक रेनहिलला परीक्षक म्हणून आले, आणि त्यांनीं प्रत्येक एंजिनाचीं मापें प्रामाणिकपणें टिपून ठेविलीं, ही गोष्ट मला त्यांच्या चारित्र्याची साक्ष वाटते. दुसरें, त्या वेळच्या 'मेकॅनिक्स मॅगझिन' या साप्ताहिकांतलीं चित्रें. तिसरें, खुद्द अवशेष. १९९९ सालीं मायकेल बेली आणि जॉन ग्लिथरो या अभ्यासकांनीं त्याची बारकाईनें तपासणी केली आणि पुढील वर्षीं तिचा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. लोखंडांत बुजविलेलें एखादें भोंक, निरुपयोगी झालेली एखादी रिव्हेट, यांवरून पूर्वी तेथें काय होतें हें ओळखावयाचें, अशी ही विद्या आहे. आमचे ताम्रपट वाचणारे पंडित खोडलेल्या अक्षरावरून राजाचें नांव काढतात, तसाच हा प्रकार. मोठ्या मापाच्या प्रतिकृतीहि झालेल्या आहेत. स्टीफन्सनच्याच कारखान्यानें १९२९ सालीं अमेरिकेंतील हेन्री फोर्डसाठीं एक केली. १९७९ सालीं शतकोत्तर सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें चालतें 'रॉकेट' पुनः बांधलें गेलें. परंतु या दोहोंपैकीं एकीकडेहि डोळे मिटून पाहूं नये असें माझें मत आहे. प्रतिकृतीवरून प्रतिकृति करणें म्हणजे कॉपी करणाऱ्या मुलाची कॉपी करणें होय.

आतां बॉयलर. 'रॉकेट'चें सारें सामर्थ्य येथें आहे. त्यापूर्वीच्या एंजिनांत बॉयलरमधून धुराचा एकच जाड नळ जाई. फार तर तो वळवून परत आणीत. कंपनीचे चिटणीस हेन्री बूथ यांनीं सुचविलें कीं एका जाड नळाऐवजीं पुष्कळ बारीक नळ्या घालाव्या. हे बूथ धान्याच्या व्यापारांतले गृहस्थ, एंजिनिअर नव्हेत. (फ्रान्समध्यें मार्क सेगँ यांनीं हीच कल्पना स्वतंत्रपणें लढविली होती.) रॉबर्टनें ३ इंच व्यासाच्या २५ तांब्याच्या नळ्या घातल्या. यांतलें मर्म सातवीच्या मुलालाहि समजण्यासारखें आहे. ३ इंची २५ नळ्यांतून जेवढा धूर जाईल तेवढाच १५ इंची एका नळांतून जाईल, कारण तीनाचा वर्ग गुणिले पंचवीस म्हणजेच पंधराचा वर्ग. परंतु पाण्याला भिडणारा पृष्ठभाग परिघावर अवलंबून. १५ इंची नळाच्या मानानें २५ नळ्यांचा एकूण परीघ बरोबर पांचपट. वाट तेवढीच, शेक पांचपट! नुसत्या नळ्यांचें क्षेत्रफळ सुमारें ११८ चौरस फूट. माझ्याकडे तें ११८ चौरस इंच झालें.

कल्पना सोपी, पण पंचवीस नळ्यांचीं पन्नास टोकें बॉयलरच्या दोन तोंडांना पाणी गळणार नाहीं अशीं बसविणें हें कर्म कठीण. रॉबर्टनें बूथ यांना पाठविलेल्या पत्रांत या अडचणींचा पाढा वाचलेला आहे. पाण्याच्या दाबानें परीक्षा घेतां तोंडांचे पत्रे बाहेर फुगले आणि आंतून ताण देणाऱ्या सळया घालाव्या लागल्या. हें सर्व मीं वाचलें होतें; पण पुण्याच्या तांबट आळींत पाव इंची नळ्या आणि भोंकें पाडलेला पत्रा घेऊन जाईपर्यंत त्याचा अर्थ मला कळला नव्हता. तेथील वृद्ध कारागिरानें पत्रा हातांत फिरविला, दोन भोंकांमधील चिंचोळी पट्टी नखानें चांचपली आणि म्हणाला, "मास्तर, भोंकापेक्षां मधली जागा जपायची. ती जळाली कीं सगळं गेलं." न्यूकॅसलचा बॉयलरवाला दुसरें काय म्हणाला असेल? त्या बॉयलरवाल्यांचीं नांवें इतिहासांत कोणीं लिहिलीं नाहींत. स्टीफन्सन आणि बूथ यांचीं लिहिलीं. तेंहि योग्यच आहे. पण ज्या हातांनीं तीं पन्नास टोकें ठोकून पक्कीं केलीं ते हात कमी पडते, तर बूथ यांची कल्पना कागदावरच राहती.

चाकांविषयीं बोलतांना दूर जावयास नको. 'रॉकेट'चीं मोठीं चाकें लांकडी होतीं. ओतीव लोखंडाचा तुंबा, लांकडी आरे, वर लोखंडी धांव. आपल्या बैलगाडीचें चाक ज्यानें पाहिलें आहे त्याला यांत नवें कांहीं नाहीं. माझीं चाकें सागवानाचीं आहेत. धांव तापवून चढविली आणि पाण्यांत बुडवून आंवळली, तेव्हां सांध्यांतून जो करकर आवाज आला, तो गाडीच्या चाकाच्याच आवाजाची लहान आवृत्ति होती. आगगाडीचें पहिलें नामांकित एंजिन निम्में सुताराचें काम होतें, हें आपण विसरतों.

नळकांड्यांचा तिरपेपणा मात्र पुस्तकांतून मला कधीं नीटसा पटला नव्हता. 'एंजिन डुलत असे, म्हणून नळकांडीं खालीं आणलीं' एवढें एक वाक्य सर्वत्र आढळतें. हिशेब करून पाहूं. ८ इंच व्यासाच्या दट्ट्याचें क्षेत्रफळ सुमारें ५० चौरस इंच. दर चौरस इंचास ५० रत्तल दाब, म्हणजे दट्ट्यावर अडीच हजार रत्तल. वाफ जेवढ्या जोरानें दट्ट्याला ढकलते तेवढ्याच जोरानें नळकांड्याच्या झांकणालाहि ढकलते, आणि नळकांडें बॉयलरला जखडलेलें. अंश ३८ असतां या जोराचा उभा हिस्सा सुमारें दीड हजार रत्तल होतो. साडेनऊ हजार रत्तलांचें एंजिन कमानींवर बसविलेलें. त्याच्या एका बाजूस दर फेरीला दीड हजार रत्तलांचा धक्का एकदां वर आणि एकदां खालीं! दुसऱ्या बाजूचा धक्का पाव फेरी मागें. एंजिन डुललें नसतें तरच नवल. ८ अंशांवर हाच उभा धक्का साडेतीनशें रत्तलांवर येतो. माझ्या प्रतिकृतींत मी वाफ भरीत नाहीं; घरांत मुलें असतात आणि घरगुती बॉयलरवर माझा विश्वास नाहीं. सायकलच्या पंपानें हवा भरतों. चाकें अधांतरीं ठेवून हवा सोडली कीं लहानगें एंजिन कमानींवर बदकासारखें डुलूं लागतें, आणि त्या एका वाक्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो.

आतां रेनहिलचा सामना. ६ ऑक्टोबर १८२९ रोजीं आरंभ. हजारों लोक, मांडव, बँड. खरी एंजिनें चार, आणि पांचवें 'सायक्लोपेड', ज्यांत एक घोडा फिरत्या पट्ट्यावर चालून गाडी ओढी. तें लौकरच बाद झालें. बर्स्टॉल यांचें 'पर्सिव्हिअरन्स' वाटेंतच गाडीवरून पडून दुखावलें, आणि दुरुस्तीनंतरहि ताशीं ६ मैलांपलीकडे जाईना. लोकांची आवडती होती ब्रेथवेट आणि एरिक्सन यांची 'नॉव्हेल्टी'. हलकी, देखणी, तांब्यानें झळकणारी. पहिल्या दिवशीं तिनें ताशीं २८ मैलांचा वेग दाखविला आणि टाळ्या घेतल्या. परंतु तिचे सांधे आणि भाता कसाला लागतांच फुटूं लागले. तिमथी हॅकवर्थ यांचें 'सांपरेल' ठरलेल्या वजनाहून जड निघालें. तरी त्याला संधि दिली, आणि तें चांगलें चालत असतां पंप बिघडला व नळकांड्याला चीर असल्याचें निघालें. हीं नळकांडीं स्टीफन्सनच्याच कारखान्यांत ओतलेलीं होतीं, म्हणून त्यावर पुढें पुष्कळ कुजबुज झाली. मला त्यांत तथ्य दिसत नाहीं. ओतकामांत नळकांडीं फुटतातच, आणि हॅकवर्थनीं अनेक ओतवून त्यांतून दोन निवडलीं होतीं. मात्र त्या माणसाविषयीं हळहळ वाटते; दिवसभर दुसऱ्याची नोकरी करून उरल्या वेळांत त्यानें एंजिन बांधलें होतें.

'रॉकेट'नें आपल्या तिप्पट, म्हणजे १२ टन १५ हंड्रेडवेट, भार घेऊन पाऊण मैल कमी अडीच मैलांच्या त्या पट्ट्यावर चाळीस खेपा केल्या. एकूण ७० मैल. सरासरी वेग ताशीं १२ मैलांहून अधिक, आणि एका खेपेस जवळ जवळ २९ मैल. सगळ्या अटी पुऱ्या करणारें तें एकटेंच. दोरखंडांचा प्रश्न त्या दिवशीं मिटला. पुढें २००२ सालीं वेल्समधील लँगोलेन येथें तिन्ही प्रमुख एंजिनांच्या पूर्णाकृति प्रतिकृति आणून हाच सामना पुनः खेळविला, तेव्हांहि 'रॉकेट'च जिंकलें. 'सांपरेल' मात्र तेथेंहि शेवटपर्यंत टिकलें नाहीं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. १५ सप्टेंबर १८३० रोजीं सडकेचें उद्घाटन झालें. पार्कसाइड येथें पाण्यासाठीं गाडी थांबली असतां लिव्हरपूलचे पार्लमेंटचे सभासद विल्यम हस्किसन खालीं उतरून रुळांवर उभे होते. बाजूच्या रुळांवरून 'रॉकेट' आलें. चालक होते जोसेफ लॉक. हस्किसन गोंधळले, डब्याच्या दाराला लोंबकळले, दार फिरलें आणि ते 'रॉकेट'पुढें पडले. त्याच रात्रीं त्यांचा अंत झाला. लॉकनीं एंजिन कां थांबविलें नाहीं, असें सहज विचारलें जातें. माझ्याकडे येणाऱ्या मंडळींना मी उत्तरादाखल प्रतिकृतीच्या मागें बसवितों आणि एंजिन उलटें फिरवावयास सांगतों. 'रॉकेट'ला ब्रेक नव्हता. थांबविण्याचा उपाय एकच, उलटी वाफ देणें. त्यासाठीं आधीं वाफेची तोटी बंद करावयाची. मग झडपा हलविणारे दांडे सोडवावयाचे. पायानें कळ दाबून आंसावरील विकेंद्री चकत्या एका बाजूच्या खुंटीवरून दुसऱ्या बाजूच्या खुंटीवर सरकवावयाच्या. दोन दांड्या हातांत धरून झडपा हातानें चालवावयाच्या. आणि चाकें वळलीं कीं दांडे पुनः अडकवावयाचे. टेबलावर, शांतपणें, सरावलेल्या हाताला हें करावयास जो वेळ लागतो तेवढ्यांत धांवतें एंजिन कितीतरी वार पुढें जाईल. विचारणारे गप्प होतात.

पार्कसाइडजवळच, न्यूटन-ले-विलोज येथें, त्याच सडकेच्या कांठीं, पुढें दोनचार वर्षांतच चार्ल्स टेलर यांचा 'व्हल्कन फाउंड्री' हा कारखाना उभा राहिला. रॉबर्ट स्टीफन्सन त्यांत भागीदार झाले. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, ४०० पाहुणे आणि १४ डबे घेऊन. तिला जोडलेलीं 'साहिब', 'सिंध' आणि 'सुलतान' हीं तिन्ही एंजिनें याच कारखान्यांतून जहाजानें मुंबईस आलेलीं होतीं. ज्या जी. आय. पी. कंपनीची ती सडक, तिचे विलायतेंतील सल्लागार एंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन; आणि येथें प्रत्यक्ष काम पाहणारे जेम्स बर्कले त्यांच्याच तालमींतले. ठाण्याची गाडी आणि 'रॉकेट' यांत चोवीस वर्षांचें अंतर आहे, पण घराणें एक आहे. रुंदी मात्र निराळी. येथें साडेपांच फुटांचा रूळ घातला, तिकडे ४ फूट साडेआठ इंचांचा. माझ्या हिशेबानें साडेपांच इंच आणि पावणेपांच इंचांहून किंचित् कमी. नानाशेट शंकरशेट ज्या गाडींत बसले त्या गाडीचें एंजिन कधीं काळीं हातून झालेंच, तर त्याला दुसरी सडक घालावी लागेल.

पाहुणे नेहमीं एक प्रश्न विचारतात. बॉयलरमधल्या पंचवीस नळ्या बाहेरून दिसत नाहींत, प्रतिकृति वाफेवर चालत नाहीं, मग त्या घातल्या कशाला? धुराडें काढून ठेवून मी त्यांना बॉयलरच्या तोंडांतून आंत पाहावयास सांगतों आणि दुसऱ्या टोकाला, भट्टीच्या दारापाशीं, विजेची बत्ती धरतों. पंचवीस उजेडाचे ठिपके दिसतात.

सध्यां काम टेंडरचें चाललें आहे. मूळ टेंडर लिव्हरपूलच्या वर्सडेल नांवाच्या बग्ग्या करणाऱ्यानें बनविलें होतें, आणि पाण्यासाठीं त्यावर चक्क एक लांकडी पिंप आडवें ठेवलेलें होतें. पिंपाच्या फळ्या सुतारानें तासून दिल्या आहेत. त्यांवर लोखंडी कडीं चढवावयाचीं आहेत, आणि कोळशाच्या जागीं घालण्यासाठीं दगडी कोळशाची बारीक चूर चाळून ठेविली आहे. रेनहिलला धूर होऊं नये म्हणून कोक जाळला होता, याची मला आठवण आहे. पण खरा कोक या मापाला दळला कीं त्याची नुसती राख दिसते.